एक ‘ब्रेक’ आणि चार डिक्शनऱ्या: सरळ अर्थ, लाक्षणिक अर्थ आणि कुणाला तो नीट सांगता येतो

इंग्रजी शिकणाऱ्याला डिक्शनरी सुचवायची म्हटलं की लोक आधी शब्दसंख्या बघतात, अमुक लाख शब्द, तमुक लाख अर्थ वगैरे, पण लांबलचक अवघड शब्द कुठल्याही डिक्शनरीत नीटच सापडतात कारण त्यांना बिचाऱ्यांना अर्थच एक नाहीतर दोन असतात. सगळा घोळ होतो तो छोट्या, रोजच्या शब्दांत. ब्रेक, रन, टेक, हेवी, कोल्ड, हे सगळ्यांना येतात असं धरलेलं असतं म्हणून कुणी ते उघडून बघतच नाही. म्हणून डिक्शनरी चांगली की नाही हे ठरवायला मी एकच शब्द काढते, ‘ब्रेक’, आणि त्याची नोंद वरपासून खालपर्यंत वाचते. शब्दाचा सरळ अर्थ आणि त्यातून निघालेले लाक्षणिक अर्थ ह्यांचं नातं त्या लोकांनी किती मनापासून मांडलंय ते तिथे लगेच दिसतं.

तर हा रिव्ह्यू चार लर्नर्स डिक्शनऱ्यांचा, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिकणाऱ्यांसाठी केलेल्या डिक्शनऱ्यांचा: ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन कंटेंपररी, कॉलिन्स कोबिल्ड आणि केंब्रिज. चारही नेटवर फुकट बघता येतात. मॅकमिलनची पाचवी होती, तिच्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय कारण ती ऑनलाइन बंद झाली तरी तिच्यातली एक गोष्ट बाकी कुणाकडे तशी नाही.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, आपण देवनागरीत लिहितो तेव्हा गाडीचा ब्रेक आणि मोडण्याचा ब्रेक एकच दिसतो. इंग्रजीत उच्चार एकच, पण गाडीचा ब्रेक बी-आर-ए-के-ई आणि मोडण्याचा बी-आर-ई-ए-के, दोन्ही वेगळे शब्द, डिक्शनरीत वेगळ्या नोंदी. ‘कामाला ब्रेक लागला’ असं आपण म्हणतो त्यात गाडीचा ब्रेक आहे, आणि ‘कामातून जरा ब्रेक घेतला’ म्हणतो त्यात दुसरा. ऐकून शिकलेल्यांनी हे आधी नक्की करून घ्या नाहीतर भलत्याच पानावर जाऊन बसाल.

आता ब्रेकच का? कारण सरळ अर्थ एकदम सोपा आहे, वस्तू पडली, आपटली, तिचे तुकडे झाले. आणि तिथून हा शब्द कुठे कुठे जातो बघा. कायदा ब्रेक होतो, वचन ब्रेक होतं, रेकॉर्ड ब्रेक होतं, मन ब्रेक होतं, दिवस ब्रेक होतो, लाट ब्रेक होते, मुलाचा आवाज ब्रेक होतो, बातमी ब्रेक होते, ताप ब्रेक होतो, संप ब्रेक करतात, कोड ब्रेक करतात, नोट ब्रेक करतात. आपला मराठी माणूस ही यादी बघून घाबरतो आणि पाठ करायला घेतो. पण थांबा, ह्यातलं अर्ध्याच्या वर आपल्याकडे आधीच आहे, फक्त आपल्याकडे ते तीन क्रियापदांत वाटलं गेलंय: मोडणं, तुटणं आणि फुटणं.

हे जरा सावकाश बघू कारण सगळ्या रिव्ह्यूची फूटपट्टी हीच आहे. जे अखंड होतं, चालू होतं, पाळलं जात होतं ते बिघडलं की आपण मोडलं म्हणतो, कायदा मोडला, वचन मोडलं, विक्रम मोडला, सवय मोडली, संप मोडून काढला, झोपमोड झाली, नोट मोडून आणली, आणि ह्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ब्रेक चालतो, नोटेला सुद्धा, तो अमेरिकन वापर आहे. जोडलेलं होतं ते सुटलं की तुटलं, संबंध तोडले, आणि फोनवर समोरच्याचा आवाज तुटायला लागला की इंग्रजीत म्हणतात ‘यू आर ब्रेकिंग अप’, अगदी तंतोतंत. आणि तिसरं सगळ्यात सुंदर, वरचं कवच तडकून आतलं बाहेर आलं की फुटलं. तांबडं फुटलं, घाम फुटला, लाट फुटली, वयात आलेल्या मुलाचा आवाज फुटला, रडू फुटलं, कोंडी फोडली, घरफोडी झाली. इंग्रजीत डे ब्रेक्स, ब्रेक इंटू अ स्वेट, वेव्ह ब्रेक्स, हिज व्हॉइस ब्रोक, ब्रेक डाउन इन टिअर्स, ब्रेक द डेडलॉक, ब्रेक-इन. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब आणि तरी फुटण्यातून पहाट दोघींनाही दिसली, मला हे दर वेळी वाचताना आनंद होतो.

म्हणजे लाक्षणिक अर्थ हे हवेतून येत नाहीत, सरळ अर्थातलं एखादं चित्र उचलून ते दुसऱ्या गोष्टीवर ठेवलेलं असतं. ब्रेकमध्ये अशी तीन तरी चित्रं आहेत. चांगली डिक्शनरी ती चित्रं दिसू देते, आणि वाईट डिक्शनरी फक्त यादी देते.

यादी देणारी म्हणजे काय ते सांगते. एक इंग्रजी-मराठी ॲप आहे, नाव घेत नाही, त्यात ब्रेक टाकलं की ‘तोडणे, मोडणे, फोडणे, भंग करणे, खंडित करणे’ असं स्वल्पविराम देऊन येतं आणि संपलं. एकही वाक्य नाही. आता शिकणाऱ्यापुढे वाक्य आलं की ‘ही ब्रोक द न्यूज टू हिज मदर’. त्याने यादीतून उचललं आणि लिहिलं, त्याने आईला बातमी फोडली. मराठीत बातमी फोडणं म्हणजे गुप्त ठेवायची बातमी बाहेर नेणं, लीक करणं, त्यात थोडी फितुरी पण आली. आणि इंग्रजी वाक्याचा अर्थ काय तर आईला धक्का बसेल अशी बातमी होती, ती तिला कुणीतरी सांगायलाच हवी होती, आणि ती त्याने तिच्या कानावर घातली, बहुतेक हळूच, जपून. एक चुगली आणि दुसरी माया. शब्द बरोबर, चित्र सुद्धा जवळचं, आणि अर्थ पार उलटा. यादीवाल्या कोशाने हे नुकसान होतं आणि ते शिकणाऱ्याला कळत पण नाही, कारण त्याचं मराठी वाक्य व्याकरणाने अगदी ठीक असतं.

म्हणून पहिला नंबर मी कोबिल्डला देते, निदान लाक्षणिक अर्थांसाठी तरी. ही १९८७ साली आली, बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि कॉलिन्स ह्यांचं एकत्र काम, जॉन सिंक्लेअर मुख्य संपादक. त्यांनी दोन गोष्टी नव्याने केल्या. एक म्हणजे खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा मोठा साठा कंप्युटरवर घेऊन त्यातून अर्थ काढले, स्वतःच्या डोक्यातून वाक्यं रचली नाहीत. आणि दुसरं, व्याख्या पूर्ण वाक्यात लिहिली. म्हणजे ‘तुकडे करणे’ असं न लिहिता, एखादी वस्तू ब्रेक होते किंवा तुम्ही ती ब्रेक करता तेव्हा काय होतं, अशा धर्तीवर. ऐकायला साधं वाटतं पण ह्याचा फायदा लाक्षणिक अर्थात दिसतो. वरच्या बातमीचंच घ्या, कोबिल्डच्या व्याख्येतच येतं की बातमी वाईट असते, ती कुणाला तरी सांगायची असते आणि शक्यतो सांभाळून सांगतात. कोण, काय, कुणाला, कसं, चारही प्रश्न एका वाक्यात मिटले. आणि तिथेच दुसरा अर्थ वेगळा दिलाय, बातमी स्वतःच ब्रेक होते म्हणजे पेपर-टीव्हीतून लोकांना कळते. एकात बातमी हे कर्म, दुसऱ्यात कर्ता, हा फरक व्याकरणाच्या खुणा न शिकता नुसतं वाक्य वाचून कळतो.

आवाजाचं पण तसंच. ब्रेक होणारे आवाज दोन, मुलगा मोठा होताना त्याचा आवाज जाड होतो तो एक, आणि बोलता बोलता दुःखाने किंवा भीतीने आवाज बदलतो तो दुसरा. मराठीत पहिल्याला आवाज फुटणं आणि दुसऱ्याला कंठ दाटून येणं किंवा आवाज कापरा होणं. कोबिल्ड दोन्ही वेगवेगळी वाक्यं करून सांगते, एकात ‘बॉय’ हा शब्द व्याख्येतच घातलाय, त्यामुळे गोंधळ होतच नाही.

तक्रार एकच, आणि ती त्या पद्धतीतच आहे. वाक्यं असल्यामुळे नोंद लांबते आणि ब्रेकसारख्या शब्दाला खाली खाली जात राहावं लागतं. ज्याला घाईत एकच अर्थ शोधायचाय तो कंटाळतो. शिवाय कोबिल्डचा भर आधीपासून जास्त वापरात असलेला अर्थ आधी देण्यावर, मग तो सरळ असो की लाक्षणिक. सिंक्लेअरांनी ह्याचं उदाहरण दिलेलं ‘बॅक’चं, आपल्याला वाटतं पहिला अर्थ पाठ, शरीराची, पण साठ्यात बघितलं तर परत, मागे ह्या अर्थाने तो शब्द कितीतरी जास्त येतो. वापराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, मात्र नवशिक्याला आधी पाठ दिसली तर मागे जाणं आपोआप समजतं. ब्रेकमध्ये ही अडचण येत नाही, तुकडे होणं पहिलंच आहे.

लाँगमनची गोष्ट वेगळी. ही १९७८ची, आणि तिचं नाव झालं ते एका शिस्तीमुळे, सगळ्या व्याख्या साधारण २००० ठरलेल्या सोप्या शब्दांतच लिहायच्या. नंतर १९९५च्या आवृत्तीपासून मोठ्या नोंदींत साइनपोस्ट आले, म्हणजे प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर एकदोन शब्दांची पाटी, तुकडे, हाडं, यंत्र, नियम-कायदे, वचन, लाट, बातमी, अशी. डोळा पाट्यांवरून पळवला की आपलं घर लगेच सापडतं. मला लाँगमनमध्ये सगळ्यात आवडतं ते हे की ‘ब्रेक समबडीज हार्ट’, ‘ब्रेक द आइस’ असले पक्के वाक्प्रचार ती ब्रेकच्या नोंदीतच बाकीच्या अर्थांच्या बरोबरीने देते. त्यामुळे वस्तू मोडली, हाड मोडलं, वचन मोडलं, मन मोडलं हा सगळा प्रवास एका पानावर वाचता येतो आणि लाक्षणिक अर्थ हा काहीतरी वेगळा अवघड विभाग आहे असं वाटतच नाही. शिकवणाऱ्यांनी खरंच हे पान एकदा सगळ्यांना वाचायला द्यावं.

ऑक्सफर्डने इथे दुसरी वाट धरली. छापील ऑक्सफर्डमध्ये ब्रेकच्या इडियमपाशी सूचना असते की ब्रेकचे वाक्प्रचार त्यातल्या नामाच्या किंवा विशेषणाच्या नोंदीत बघा, म्हणजे मन मोडण्याचं ‘हार्ट’पाशी. ज्याला वाक्प्रचार आधीच दिसलाय त्याला हे सोयीचं आहे, पण ज्याला शब्द वाढताना बघायचाय त्याला पानं उलटावी लागतात. नेटवर लिंक असते त्यामुळे एवढं जाणवत नाही.

बाकी ऑक्सफर्ड ही सगळ्यांची आजी. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथे शिकणाऱ्यांना काय अडतं हे बघून त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर हा कोश केला, तो १९४२ साली तोक्योत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. दहावी आवृत्ती २०२०ची. सांगायचा मुद्दा हा की लर्नर्स डिक्शनरी ही कल्पनाच मुळात इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांच्या वर्गातून आली, आणि ते ऑक्सफर्डच्या नोंदीत अजून दिसतं. अर्थांना छोटी शीर्षकं आहेत, कायदा-वचन एकत्र, दिवस वेगळा, वादळ वेगळं, आवाज वेगळा, लाटा वेगळ्या, आणि प्रत्येक ठिकाणी शब्द कुठल्या शब्दाबरोबर येतो ते ठळक करून दाखवलेलं. आणि ऑक्सफर्ड ‘फिगरेटिव्ह’ अशी पाटी लावते, एखाद्या सरळ अर्थाच्या उदाहरणाचा वापर लाक्षणिक असेल तर त्या उदाहरणाच्या आधी. ही छोटी तिरकी अक्षरातली पाटी बहुतेक जण वाचत नाहीत. वाचा. सरळ अर्थाच्या खालीच दोन उदाहरणं असतात आणि तिसऱ्याला ही पाटी असते तेव्हा तिथे तुम्हाला अर्थ उडी मारताना दिसतो, नवीन आकडा न टाकता. माझ्या मते लाक्षणिक भाषा म्हणजे काय हे समजावणारी ही सगळ्यात प्रामाणिक जागा, कारण भाषेत पण तसंच होतं, आधी कुणीतरी सरळ शब्द लांबवून वापरतो, मग तो वापर पक्का होतो आणि मग त्याला स्वतःचा आकडा मिळतो.

इथे जरा विषयांतर, पण राहवत नाही. ‘लिटरली’ हा शब्द. ‘आय लिटरली डाइड’ असं बोलतात तेव्हा सरळ अर्थ सांगणारा शब्दच लाक्षणिक बोलण्यावर जोर द्यायला वापरलेला असतो. लोक ह्यावर चिडतात, पण आजकालच्या लर्नर्स डिक्शनऱ्यांनी हा वापर अनौपचारिक म्हणून नोंदवलाय आणि ते योग्यच केलं, शिकणाऱ्याला सिनेमात आणि चॅटमध्ये तोच ऐकू येणार आहे. परीक्षेत मात्र वापरू नका.

केंब्रिज १९९५ची, म्हणजे चौघींत धाकटी. तिच्यात प्रत्येक अर्थाला गाइडवर्ड असतो, नुकसान, संपवणे, न पाळणे, थांबवणे, कळणे, अशा धर्तीचे. हे गाइडवर्ड वस्तूंपेक्षा कल्पनांवर बेतलेत, म्हणून आपल्या मोडणं-तुटणं-फुटणंच्या विभागणीच्या सगळ्यात जवळ तीच येते. ‘न पाळणे’खाली कायदा आणि वचन, ‘संपवणे’खाली कोंडी, सवय, असं लाक्षणिक अर्थांचं कुटुंब एकत्र बसतं. ऑनलाइन केंब्रिजमध्ये अर्थाशेजारी ए-१ (सगळ्यात सोपी) ते सी-२ (सगळ्यात अवघड) अशी पातळी पण दिसते, एका शब्दाच्या वेगवेगळ्या अर्थांना वेगवेगळी, आणि हे फार मोलाचं आहे. ब्रेक ‘येतो’ म्हणणाऱ्याला ते बघून कळतं की त्याला खालच्या पातळीचा ब्रेक येतो, वरचे अजून बाकी आहेत. ऑक्सफर्ड पण आता पातळी देते, पण मला केंब्रिजचं पान डोळ्यांना हलकं वाटतं.

केंब्रिजमध्ये इंग्रजी-मराठी पण आहे, मराठी प्रतिशब्द देतात. सुरुवात म्हणून चांगलं, आपली भाषा तिथे आहे ह्याचंच बरं वाटतं. पण प्रतिशब्दाने लाक्षणिक अर्थाचं काम पुरं होत नाही हे वर बातमीच्या उदाहरणात बघितलंच, तेव्हा मराठी शब्द बघून झाला की खालची इंग्रजी वाक्यं वाचल्याशिवाय पान बंद करू नका.

आता खरी कसोटी, फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला डाउन, अप असा छोटा शब्द जोडून झालेलं नवं क्रियापद. ‘ब्रेक डाउन’ घ्या. सरळ अर्थ, दार तोडून आडवं करणं. मग गाडी बंद पडणं. मग बोलणी फिसकटणं. मग माणूस कोसळून रडायला लागणं. मग एखादा पदार्थ कुजून, विरघळून त्याचे घटक सुटे होणं. आणि शेवटी आकड्यांचं ब्रेकडाउन, म्हणजे एकूण खर्चाची बाबवार फोड. बघा, मराठीत पण आपण ‘फोड करून सांग’ असंच म्हणतो! दारापासून खर्चाच्या हिशोबापर्यंत एकच धागा आहे, उभी किंवा एकसंध असलेली गोष्ट खाली येते आणि तिचे भाग दिसायला लागतात. वाईट अर्थ आणि चांगला अर्थ एकाच चित्रातून निघालेत. ह्या कसोटीत चारही डिक्शनऱ्या सगळे अर्थ देतात, कुणी काही सोडत नाही, पण धागा कुणीच उघड दाखवत नाही. लाँगमनच्या पाट्या आणि कोबिल्डची वाक्यं वाचून तो आपण ओढून काढायचा. डाउन, अप, आउट, इन, ऑफ ह्या चिमुकल्या शब्दांतच अर्धा लाक्षणिक अर्थ दडलेला असतो, ब्रेक आउटमध्ये युद्ध किंवा साथ आतून बाहेर उसळते, ब्रेक ऑफमध्ये ठरलेलं लग्न मध्येच तुटतं, ब्रेक इनमध्ये चोर आत येतो. हे एका ओळीत सांगितलं असतं तर किती लोकांची पाठांतरं वाचली असती.

आणि हे करणारी एक होती, मॅकमिलन. २००२ साली आली, मायकल रंडेल मुख्य संपादक. तिच्यात काही नोंदींपाशी मेटाफर बॉक्स असायचा, रागासारख्या एखाद्या कल्पनेपाशी, आणि त्यात सांगायचे की इंग्रजीत राग म्हणजे उष्णता, आग असं धरून बोलतात, आणि मग त्या चित्रातले शब्द एकत्र. लेकॉफ आणि जॉन्सन ह्या दोघांनी १९८० साली मांडलेली कल्पना होती ना, की रूपक हा कवितेचा दागिना नसून आपला रोजचा विचारच रूपकांवर चालतो, ती ह्या बॉक्सनी शिकणाऱ्याच्या हातात थेट आणून दिली. आपल्याला तर ते वाचून लगेच पटतं, आपला राग पण डोक्यात जातो, भडकतो, धुमसतो, आणि माणूस शांत झाला की आपण थंड झाला म्हणतो. मॅकमिलनची ऑनलाइन डिक्शनरी जून २०२३च्या शेवटी बंद झाली. छापील प्रत कुठल्या लायब्ररीत दिसली तर हे बॉक्स तेवढे बसून वाचून काढा, जुनी आवृत्ती असली तरी चालेल, रूपकं आवृत्तीगणिक बदलत नाहीत.

एक गोष्ट मात्र चौघींपैकी कुणाकडून अपेक्षा करता येत नाही, ती म्हणजे मराठीतून येणाऱ्यासाठी धोक्याच्या जागा. त्या सगळ्या जगासाठी लिहिलेल्या आहेत, ठीकच आहे. पण म्हणून मीच काही लिहून ठेवते. आपल्याकडे महागाईने कंबरडं मोडतं म्हणजे माणूस बेजार होतो, आणि इंग्रजीत ‘ब्रेक द बॅक ऑफ अ जॉब’ म्हणजे कामाचा अवघड भाग उरकला, आता सुटलो, ही आनंदाची गोष्ट. आपल्याकडे परीक्षेचा पेपर फुटतो, इंग्रजीत तो लीक होतो, ब्रेक होत नाही. आपण सोनं मोडतो, इंग्रजीत ते विकतात. ताप आपल्याकडे उतरतो, तिथे ब्रेक होतो. ‘आय ॲम ब्रोक’ म्हणजे मी मोडून पडलोय असं वाटतं, पण अर्थ खिशात दमडी नाही, आणि मन मोडलंय म्हणायचं तर ‘ब्रोकन’, एका अक्षराने माणूस कफल्लक की दुःखी ते ठरतं. ‘ब्रेक इव्हन’ला आपल्याकडे चित्रच नाही, ना नफा ना तोटा असं सरळच सांगतो. उलट ‘ब्रोकन इंग्लिश’ला मोडकंतोडकं इंग्रजी हा शब्द जणू मापाने शिवल्यासारखा बसतो. आणि ब्रेकफास्टमध्ये ब्रेक आहे हे उच्चारामुळे कळतच नाही, फास्ट म्हणजे उपवास, रात्रभरचा उपवास सोडणं, आपण सोडतो आणि ते मोडतात.

कुणी काय वापरावं म्हणाल तर, नुकतं वाचायला लागलेल्याने लाँगमन, सोप्या शब्दांतल्या व्याख्या आणि पाट्या ह्यांमुळे दमछाक होत नाही. लिहायला लागलेल्याने ऑक्सफर्ड, शब्द कुणाबरोबर जातो ते तिथे चांगलं दिसतं. परीक्षेची तयारी असेल तर केंब्रिज, पातळीसाठी. आणि वाक्याचा अर्थ लागतोय पण त्यातला भाव लागत नाही असं होतं तेव्हा कोबिल्ड, डोळे झाकून. चारही एकदम उघडायची गरज नाही, पण ब्रेकसारखा शब्द महिन्यातून एखादा निवडून चारही ठिकाणी वाचावा, त्यात जे कळतं ते शब्दांच्या याद्या पाठ करून कळत नाही.

आणि इंग्रजी-मराठी कोश करणारं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. ब्रेकची नोंद साधारण अशी द्या: आधी सरळ अर्थ, कप पडून फुटला, काठी मोडली, दोरा तुटला, तीन वाक्यं, तिन्हीत ब्रेक. मग मोडणंच्या खाली कायदा, वचन, विक्रम, सवय, संप, नोट. तुटणंच्या खाली संबंध, ठरलेलं लग्न, फोनवरचा आवाज. फुटणंच्या खाली तांबडं, लाट, घाम, मुलाचा आवाज, कोंडी, घरफोडी. मग वेगळ्या चौकटीत ‘इथे मराठी शब्द चालत नाही’ म्हणून ताप, वाईट बातमी सांगणं, ब्रेक इव्हन, आणि पुढे ‘इथे इंग्रजीत ब्रेक चालत नाही’ म्हणून पेपर आणि सोनं. प्रत्येकाला एक छोटं इंग्रजी वाक्य आणि खाली त्याचं बोलीतलं मराठी. पानभर जागा लागेल. ब्रेकला ती द्या, आणि तशीच रन, टेक, हेवी आणि कोल्डला.